परसेंट-डी कुठे सापडतो

(दृश्य: मालवणचा किनारा. नुकत्याच लागलेल्या होड्या, पाट्यांतली मासळी.)

मालवणात जिला इसवण म्हणतात, तीच मुंबईच्या बाजारात सुरमई होते. इथला सरंगा तिकडे पापलेट. पाटीपुढे बसलेल्या मावशीला दोन्ही नावं ठाऊक असतात, कुठलंही सांगा, ती बरोबर मासळी उचलते. प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या डॉक्युमेंटेशनमधल्या, म्हणजे ती भाषा कशी वापरायची हे सांगणाऱ्या पानांमधल्या, शोधाच्या चौकटीला मात्र बहुतेक वेळा एकच नाव कळतं, ज्यांनी ते लिहिलं त्यांचं.

(दृश्य: देवगडजवळचं घर. पडवीत आंब्याच्या रिकाम्या पेट्या, टेबलावर जुना लॅपटॉप.)

या घरातली मुलगी कॉलेजात शिकते. वाशीच्या दलालाकडून येणाऱ्या पट्ट्यांचा, म्हणजे आंब्याच्या विक्रीच्या कागदांचा, हिशोब तिने पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायला घेतलाय. किती पेट्या, काय भाव, हमाली किती, अडत किती. पहिल्या दिवशी तिला पेट्यांची यादी ठेवायची होती. अशा यादीला शाळेत ‘अॅरे’ म्हणायला शिकलेली, म्हणून तिने पायथॉनच्या डॉक्समध्ये (डॉक्युमेंटेशनमध्ये) ‘अॅरे’ शोधलं. पान निघालं, पण ते अॅरे नावाच्या वेगळ्याच मॉड्यूलचं (तयार कोडच्या संचाचं), एकाच प्रकारच्या आकड्यांसाठीचं. तिला हवी होती ती वस्तू पायथॉनमध्ये ‘लिस्ट’ म्हणून ओळखली जाते. नावावरून नोंद काढून देणाऱ्या ज्या रचनेला दुसरीकडे हॅश मॅप म्हणतात, ती इथे ‘डिक्शनरी’. म्हणून नवीन भाषा हातात घेतली की आधी तिच्या डॉक्समधली ग्लॉसरी, म्हणजे शब्दांची यादी, वाचावी, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. अर्धा तास जातो आणि पुढचे कित्येक दिवस वाचतात.

(दृश्य: पडद्यावर लाल अक्षरं.)

मग अडली तारीख. पट्टीवर 12/04/2024 असं लिहिलेलं, म्हणजे 12 एप्रिल. प्रोग्रॅमने ती नाकारली: टाइम डेटा अमुक, डज नॉट मॅच फॉरमॅट तमुक. म्हणजे तारीख सांगितलेल्या साच्यात बसत नाही. तिने सगळी ओळच्या ओळ उचलून गूगलमध्ये टाकली. आता, तिच्या पट्टीवरची तारीख जगात दुसऱ्या कुणाच्या पानावर कशाला असेल? ओळीतला आपला भाग काढून टाकायचा आणि जो सगळ्यांच्या पडद्यावर सारखाच उमटतो तेवढा ठेवायचा: ‘डज नॉट मॅच फॉरमॅट’. त्याला अवतरणचिन्हं लावली की शब्द याच क्रमाने जिथे आहेत तीच पानं शोधली जातात. पुढे ‘साइट’, कोलन आणि मध्ये जागा न सोडता डॉक्सचा पत्ता लिहिला, तर शोध त्या एका जागेपुरता राहतो.

तिच्या ओळीत परसेंट-डी (%d, दिवसासाठी), परसेंट-एम (%m, महिन्यासाठी) अशा खुणा होत्या. त्या शोधून काही हाती लागेना. शोधयंत्रं असली चिन्हं बहुतेक वेळा गाळूनच टाकतात. अशा वेळी खुणेचं नाव शोधावं लागतं: ‘फॉरमॅट कोड’. तो शब्द मिळाला आणि डेटटाइम या तारीख-वेळेच्या मॉड्यूलच्या पानावरचा तक्ता उघडला.

(दृश्य: लांबलचक पान, खाली खाली सरकणारं.)

पान प्रचंड आहे. डोळ्यांनी चाळत बसू नये. कंट्रोल आणि एफ दाबून पानातच शोधायचं. इथे परसेंटचं चिन्ह गळत नाही, जसंच्या तसं सापडतं. एकच काळजी घ्यायची: धाकटा एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिटं. पानातला शोध सहसा दोन्ही एकत्र दाखवतो. फायरफॉक्समध्ये लहान-मोठं अक्षर वेगळं धरायची सोय आहे, ती चालू करावी.

(दृश्य: वडील पडवीत येतात.)

“काय गो, झालो हिशोब?”

“थांबा बाबा, तारीख बसवतंय.”

मित्राने एक सोपी ओळ पाठवली होती, तारीख वाचणारं फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट वापरणारी. ती या लॅपटॉपवर चालेना. ‘असं काही नाहीच’ म्हणून एरर. डॉक्समध्ये त्या नावाखालीच बारीक अक्षरांत लिहिलंय की हे 3.7 या आवृत्तीपासून आलं. लॅपटॉपवर 3.6. हिने आधी आपली आवृत्ती पाहिली, मग डॉक्सच्या पत्त्यातल्या 3 च्या जागी 3.6 लिहिलं, आणि त्या पानावर ते नावच नव्हतं. शोध आपल्याला नव्या आवृत्तीच्या पानावर नेऊन सोडतो आणि आपण स्वतःच्या कोडला दोष देत बसतो. तसाही हा मार्ग वर्ष आधी लिहिलेल्या तारखांसाठीचा, पट्टीवर दिवस आधी.

(दृश्य: मे महिन्याची संध्याकाळ. वळवाचा पाऊस, पडवीतला दिवा जातो.)

वळवाच्या पावसात वीज जाते, मागोमाग मोबाइलची रेंजही. कोकणात राहून हे काम करणाऱ्याने डॉक्स घरात उतरवून ठेवलेच पाहिजेत. पायथॉनचे अख्खे डॉक्स एका झिप फाइलमध्ये मिळतात. हिने ते उतरवून ठेवलेत, आणि बॅटरी आहे तोवर अनुक्रमणिकेतून हवं ते पान उघडतं.

वडील आणखी एक पट्टी तिच्यासमोर ठेवतात. या दलालाची लिहायची पद्धत निराळी: 12.4.24. ती पुन्हा तोच तक्ता काढते. दोन आकडी वर्षाला धाकटा वाय, चार आकडी असेल तर मोठा. पण महिन्याच्या चारआधी शून्य नाही, ते चालेल? तक्त्याखालच्या टिपांपर्यंत ती उतरते. वाचताना शून्य नसलं तरी चालतं, असं तिथे लिहिलेलं आहे.

पडद्याच्या उजेडात ती मोठा वाय धाकटा करते, मधल्या तिरक्या रेघा खोडून ठिपके भरते, आणि पट्टी नोंदवली जाते.