ढेकर आला का?

ठाण्यात नौपाड्यातली जुनी इमारत असो की घोडबंदर रोडवरचा विसावा मजला, बाळाचं दूध पिऊन झालं की आतल्या खोलीतून हमखास विचारलं जातं, "ढेकर काढला का गं?"

रात्रीचे तीन वाजलेत. सीझरचे टाके ओढतायत. बाळ केव्हाच खांद्यावर झोपलंय आणि ढेकर काही येत नाही. "अहो आई, किती वेळ थोपटू?" या प्रश्नात किती थकवा आहे, ते बाळंतपण झालेल्या बाईला सांगावं लागत नाही.

दूध ओढताना बाळ थोडी हवाही गिळतं. अंगावर नीट पिणाऱ्याच्या पोटात ती कमी जाते, बाटलीतून पिणाऱ्याच्या जास्त. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथली स्नायूंची झडप या वयात कच्ची असते. म्हणून हवा वर येताना घोटभर दूधही सोबत आणते. खांद्यावरच्या दुपट्यावर पडलेलं ते फुटकं दूध पाहून घाबरू नका. बाळ हसतंखेळतं असेल, वजन वाढत असेल, तर काळजी नाही.

आता आजींचा हात पाहा. बाळाची हनुवटी खांद्यावर, एक हात बुडाखाली, दुसरा पाठीवरून खालून वर फिरतोय. त्या धपाधप मारत नाहीत. काही घरांत जोरात थोपटतात, वारा धरेल या भीतीने. जोराची काहीच गरज नसते. मांडीवर बसवून काढायचा असेल तर हनुवटीला बोटांचा आधार द्या, गळ्यावर दाब नको.

आणि ढेकर आलाच नाही तर? चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी ७१ निरोगी बाळं आणि त्यांच्या आया यांना घेऊन तीन महिने अभ्यास केला. ढेकर काढल्याने बाळांचं पोटदुखीचं रडणं लक्षणीय कमी झालं नाही, दूध टाकणं मात्र वाढलं. अभ्यास लहान आहे, एवढ्यावरून आजींचा हात थांबवायला नको. पण पाच-सात मिनिटं थोपटूनही ढेकर येत नसेल, तर त्या आईने स्वतःला दोष देऊ नये. थोडा वेळ उभं धरावं आणि झोपवावं.

झोपवायचं ते पाठीवरच. दूध श्वासनलिकेत जाईल म्हणून कुशीवर किंवा पालथं ठेवायची सवय अजून आहे. खरं तर उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात सहज शिरत नाही. गादी सपाट, घट्ट हवी. राईची उशी झोपताना बाजूला ठेवा.

उलटी हिरवी असेल, तिच्यात रक्त दिसलं, दर वेळी जोरात लांब उडत असेल किंवा बाळ दूध ओढायलाच तयार नसेल, तर घरचे उपाय करत बसू नका. लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या, रात्र असली तरी.