मचूळ पाण्यातला गळ

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठानं महामार्ग २३ धरला, की रस्ता व्हेनिस या गावाशी संपतो. पुढे जायचं तर होडीनंच.

पहाटेची होडी उंच गवताच्या दलदलीत शिरते. पहिल्या खेपेला गळाला लागतो लार्जमाऊथ बास, तळ्यात-नदीत राहणारा, गोड्या पाण्याचा मासा. होडी तिथंच आहे, आमिषही तेच, आणि पुढच्या खेपेला लागतो रेडफिश. हा समुद्राचा. तांबूस अंग, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, आणि जोर असा की रिळावरची दोरी सरसर सुटत जाते. इथं नदीचं गोडं पाणी आणि मेक्सिकोच्या आखाताची भरती एकमेकांत मिसळतात. त्या मचूळ पाण्यात कोळंबी आणि खेकडे पोसतात, आणि त्यांच्या मागं हे दोन्ही मासे येतात.

राज्य सरकारनं नकाशावर गोड्या-खाऱ्या पाण्याची रेघ आखली आहे. तिच्या दक्षिणेला गळ टाकायचा तर खाऱ्या पाण्याचा जादा परवाना लागतो. पाणी मात्र ऋतूप्रमाणे पुढं-मागं सरकतं. २०२३ च्या दुष्काळात नदी इतकी खालावली, की समुद्राचं जड पाणी तळानं वर चढू लागलं. ते अडवायला लष्कराच्या अभियंत्यांनी नदीच्या तळाशी गाळाचा बांध घातला.

रेडफिशवर एकदा मोठं संकट येऊन गेलंय. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रूडोम यांचा मसाला लावून तापल्या बिडाच्या तव्यावर काळा भाजलेला रेडफिश देशभर गाजला, आणि आखातात जाळी पडू लागली. अखेर १९८८ मध्ये लुईझियानानं तो फक्त गळवाल्यांसाठी राखला. २०२४ पासून माणशी दिवसाला चारच मासे, १८ ते २७ इंचांचे. त्याहून मोठा मासा लागला, तर पाण्यात परत सोडायचा. पुढची वीण त्याच्यावरच आहे.

पण पिल्लं वाढतात ती या गवतात, आणि गवताखालची जमीनच जाते आहे. १९३२ पासून लुईझियानाच्या किनाऱ्याची सुमारे ५,००० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. पुरापासून वाचायला बांधलेल्या तटबंदीमुळे नदीचा गाळ दलदलीत पसरत नाही. तेलासाठी खोदलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत घुसतं.

व्हेनिसजवळ यलो कॉटन बे नावाचा छोटा उपसागर होता. काठ विरघळले, तो मोकळ्या पाण्यात मिसळला, आणि सरकारी नकाशावरून त्याचं नाव काढलं गेलं. गळवाले आजही त्याच नावानं जागा सांगतात, आणि होडी तिकडे वळते.