खतारचं सोनं आणि जर्मन रॅप

नमस्कार मंडळी, आज जरा जर्मन रॅपबद्दल बोलूया. भाषा नाही कळली तरी व्हिडिओ बघून अंदाज येतोच, मर्सिडीज, रोलेक्स, नोटांची बंडलं आणि मागून पोलिसांचा सायरन. बरेच जण म्हणतात, हा नुसता माज आहे. मला नाही पटत. आणि हे काही गल्लीबोळातलं संगीत राहिलेलं नाहीये, 2019 मध्ये बर्लिनच्या कॅपिटल ब्रा या रॅपरने नंबर वन गाण्यांच्या बाबतीत जर्मनीत बीटल्सलाही मागे टाकलं!

पण मला आज सांगायचंय ते खतार या रॅपरबद्दल. खरं नाव गिवार हाजाबी, 1981 ला इराणमध्ये कुर्दी घरात जन्म, वडील संगीतकार. घरच्यांवर तुरुंगात जायची वेळ आली, मग निर्वासित म्हणून जर्मनीत, बॉन शहराच्या ब्र्यूझर बेर्ग वस्तीत वाढला. पोरगा पियानो शिकला आणि पुढे ड्रग्जच्या धंद्यातही पडला, दोन्ही. रॅपचं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, सुरू केली तिचं नावच 'आलेस ओडर निक्स', म्हणजे आर नाहीतर पार.

डिसेंबर 2009 मध्ये लुडविग्सबुर्गजवळ त्याने साथीदारांबरोबर पोलीस असल्याचं सोंग घेऊन सोनं घेऊन जाणारी गाडी अडवली, माल साधारण 17 लाख युरोचा, त्यात लोकांच्या दातांतलं काढलेलं सोनंसुद्धा होतं. इराकला पळाला, तिथे सापडला, परत आणला, 8 वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात चोरून आवाज रेकॉर्ड करून 2012 ला अल्बम काढला, सुटल्यावर 2015 चा अल्बम थेट पहिल्या नंबरवर.

आता यात ज्यांचा माल गेला आणि जे ड्रायव्हर घाबरले ते गाण्यात कुठेच नसतात, हे मला खरंच खुपतं. पण ज्या पोराला ना धड कागदपत्रं ना धड नोकरी, त्याला महागडं घड्याळ म्हणजे 'मी पोचलो' हे चारचौघांत दाखवायची सगळ्यात सोपी खूण वाटते, हेही तितकंच खरं. खतारच्याच लेबलवरची रॅपर श्वेस्टा एवा, फ्रँकफर्टच्या स्टेशनजवळच्या वेश्यावस्तीतून आलेली, तिलाही 2017 मध्ये मारहाण आणि करचुकवेगिरीसाठी अडीच वर्षांची शिक्षा झाली. खतार मे 2025 मध्ये कोलोन शहरात वारला, फक्त 43 व्या वर्षी, आणि ते सोनं आजपर्यंत कुणाला मिळालेलं नाही.