टेबलाखालचा बॉम्ब आणि बारीक अक्षरातला माणूस

मागे आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'मुलांसाठीचे जुने सस्पेन्स कथासंग्रह', पण मला बोलायचंय ते एका माणसाबद्दल, ज्याचं नाव सस्पेन्सपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या नावाने निघालेल्या संग्रहांच्या कव्हरवर कधी आलंच नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत रँडम हाऊसने काढलेले ते जाडजूड संग्रह, वर हिचकॉकचं नाव आणि आत भुतं, हेर, खुनी, ते इथल्या बऱ्याच जणांनी वाचलेत हे पांढऱ्या केसांवरून दिसतंच आहे.

त्याआधी माझी एक जुनी तक्रार, ऐकून घ्या. 'सॉल्व्ह देम युअरसेल्फ मिस्टरीज', १९६३ चं पुस्तक. पाच रहस्यकथा, आणि ऐन रंगात आलेली गोष्ट थांबवून हिचकॉकसाहेब विचारणार, काय, लक्ष होतं ना, की क्लू सुटला? लायब्ररीतून आणलं तर माझ्या आधी कुणीतरी पेन्सिल घेऊन बसलेलं! क्लूखाली रेघा, समासात बाण, आणि एका गोष्टीत तर एका नावाभोवती गोल करून शेजारी ठसठशीत 'हाच'. डोकंच फिरलं. खोडरबर घासला तर कागद इतका मऊ पडलेला की अक्षराआधी कागदच निघायला लागला, 'हाच' तिथेच, वर भोक. दंड कुणाला? अर्थात मला. मग काय, त्या 'हाच'वर नजर ठेवून गोष्ट वाचली. तो दार उघडतोय, पोटात गोळा. तो नुसता हसला तरी घाम. आणि शेवटी कळलं तो नव्हताच! पेन्सिलवाल्याचा अंदाज साफ चुकलेला. हसा हसा, पण तितका टरकून मी पुन्हा काही वाचलेलं नाही.

हिचकॉकने त्याची मुलाखत घेणाऱ्या फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोला सांगितलंच होतं की, टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स. माझा बॉम्ब फुसका निघाला, पण पंधरा मिनिटं मला पुरेपूर मिळाली.

चिठ्ठी आली, आटपा म्हणतायत. तर मुद्दा. ते टोमणे, ते थांबवणं, हिचकॉकचं नव्हतंच. त्या पाचही गोष्टी रॉबर्ट आर्थरच्या, १९६४ पासून 'थ्री इन्व्हेस्टिगेटर्स' ही मुलांची गुप्तहेर-मालिका लिहिणारा तोच. यातल्या काही संग्रहांत तो सापडतो फक्त आतल्या पानावर, बारीक अक्षरात, मदतीबद्दल आभार म्हणून. पण माझ्या लेखी त्याची खरी कमाल निवडीत आहे. १९६७ चा 'स्पेलबाइंडर्स इन सस्पेन्स' बघा, डाफ्ने द्यू मॉरिएची पक्ष्यांची गोष्ट, रिचर्ड कॉनेलची माणसाच्या शिकारीची, रोआल्ड डालची लायटर सलग दहा वेळा पेटवायच्या पैजेची, हरलास तर करंगळी तोडणार! यातली एकही मुलांसाठी लिहिलेली नाही. पक्षी का पिसाळले ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि तरी ती त्याने बेधडक मुलांच्या हातात दिली. पोरांना झेपेल का, ही काळजी मोठ्यांची असते, पोरं आपली लायटर मोजत बसतात, चार, पाच, सहा...

हो हो, थांबतो. घरी प्रत असेल तर ते आभाराचं पान काढून बघा, आणि कुणी पेन्सिल चालवली असेल तर मला दाखवायला आणा.