डेटा गव्हर्नन्स: टूल राहू द्या, आधी सांगा हा आकडा कोणाचा?

नमस्कार मंडळी. वैयक्तिक डेटाच्या कायद्यावरचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून कमेंटमध्ये फिरून फिरून एकच प्रश्न येतोय. “ताई, आमच्या कंपनीत डेटा गव्हर्नन्स सुरू करून राहिलो, चांगलं टूल सांगा.” बुटीबोरीहून येतो, हिंगण्याहून येतो, मिहानमधल्या पोरांचा येतो, परवा अमरावतीच्या एका पतसंस्थेतूनही आला. त्यात आता प्रत्येक ऑफिसला आपल्या फाइलींवर एआय चॅटबॉट बसवायचा आहे. चॅटबॉटने एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली की मग सगळ्यांना डेटाची आठवण येते. म्हणून आज कॅमेरा लावून बसले. टूलचं नाव या व्हिडिओत येणार नाही. मला जे सांगायचं आहे ते टूलच्या आधीचं आहे.

व्याख्या पटकन सांगते, ती सगळीकडे मिळते. संस्थेतल्या डेटाचा अर्थ कोण ठरवणार, तो कोण भरणार, कोण बदलू शकणार, कोणाला दिसणार, चुकला तर कोण दुरुस्त करणार, किती दिवस ठेवायचा आणि कधी काढून टाकायचा, हे सगळं ठरवायचं आणि ठरल्याप्रमाणे चाललंय का ते बघत राहायचं. पुस्तकात तीन भूमिका असतात. ओनर अर्थ ठरवतो, स्टुअर्ड रोजचं बघतो, कस्टोडियन म्हणजे बहुतेक वेळा आयटी, सर्व्हर आणि बॅकअप सांभाळतो. धोरण, शब्दसूची, समिती हे सगळं त्याच्याभोवती. एवढं कळलं की पुढे चला.

गाडी अडते ती ओनरपाशी. मालकापाशी. मी जितक्या ठिकाणी हे काम सुरू होऊन बंद पडलेलं बघितलं, तिथे प्रत्येक वेळी मालकाचा रकाना एक तर रिकामा होता, नाही तर त्यात विभागाचं नाव होतं. “मालक: अकाउंट्स विभाग.” विभागाला फोन लावता येत नाही हो. विभाग सही करत नाही.

माझीच गोष्ट सांगते. मी नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत एमआयएसला होते, म्हणजे साहेबांसाठी आकड्यांचे रिपोर्ट बनवायचे. २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्याराज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज कमी झाली आणि नागपूर पडलं देशाच्या मधोमध, त्यामुळे आमच्याकडे काम चांगलंच वाढलं. दर महिन्याच्या मीटिंगला एक आकडा लागायचा: वेळेत पोचलेला माल. ऑपरेशन्सवाले एक आकडा आणायचे, कस्टमर केअरवाले दुसरा, अकाउंट्स तिसरा. मग सगळे माझ्याकडे बघायचे, जणू माझीच एक्सेल शीट चुकली.

दोन आठवडे मी तिन्ही फाइली शेजारी ठेवून बिल्ट्या, म्हणजे गाडीसोबत जाणाऱ्या मालाच्या पावत्या, जुळवत होते. शेवटी एकच बिल्टी घेऊन बसले, वाडीहून रायपूरला गेलेल्या मालाची.

(कोरी बिल्टी कॅमेऱ्यासमोर धरते)

ही तशीच एक कोरी बिल्टी आहे. त्या बिल्टीवर मागच्या बाजूला, इथे, गाडी ग्राहकाच्या गेटवर लागल्याची नोंद होती. निळ्या पेनाने, २८ तारीख, संध्याकाळ. त्याच्या खाली माल उतरवून घेतल्याची सही, ३० तारीख, कारण मध्ये रविवार आला आणि हमाल नव्हते. आणि इथे ग्राहकाचा जांभळा शिक्का. शिक्का मारलेली ही प्रत, जिला आपण पीओडी म्हणतो, म्हणजे माल पोचल्याचा पुरावा, ती ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर फिरत फिरत आमच्या ऑफिसला आली पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला.

आता सांगा, माल कधी पोचला? ऑपरेशन्स म्हणे २८ला, आमची गाडी गेटवर होती. कस्टमर केअर म्हणे ३०ला, कारण ग्राहकाच्या हाती माल तेव्हा पडला. अकाउंट्स म्हणे ९ला, पीओडीशिवाय बिल निघत नाही, आणि त्यांचा तर महिनाच बदलला. तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं. शीटमधले फॉर्म्युले सगळे बरोबर होते. “पोचला” या एका शब्दाचे तीन अर्थ चालू होते, आणि त्यातला कोणता धरायचा हे सांगायचा अधिकार कोणालाच दिलेला नव्हता. मला तर नव्हताच.

मग समिती झाली. अकरा माणसं. तीन महिने “पुढच्या मीटिंगला बघू”. शेवटी ऑपरेशन्सच्या हेड साहेबांनी सांगितलं, “हा आकडा माझा. माल उतरला ती तारीख धरा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.” त्यात त्यांच्याच विभागाचा आकडा खाली आला, तरी त्यांनी ते धरलं. मला त्या माणसाबद्दल आजही फार आदर आहे. अकाउंट्सला त्यांची तारीख हवीच होती, तर तिला वेगळं नाव दिलं: पीओडी मिळाल्याची तारीख. तिची मालकी अकाउंट्स मॅनेजरकडे. हे नीट ऐका, कारण लोकांना वाटतं गव्हर्नन्स म्हणजे सगळ्यांचा एकच आकडा करायचा. तसं नाही. दोन आकडे खुशाल ठेवा, पण दोन नावं द्या आणि प्रत्येक नावामागे एक माणूस.

आता दुसऱ्या बाजूने तेच. मागच्या वेळी एका भाऊंनी लिहिलं, “ताई, आमच्याकडे सगळ्या डेटाचे मालक आयटी हेड आहेत, विषय संपला.” भाऊ, विषय तिथे संपत नाही. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे असते तो मालाचा मालक असतो का? कळमन्याच्या बाजारात धान्याची पोती कुठे ठेवली, ओली झाली का, हे गोदामवाला सांगेल. गहू कोणत्या भावाने द्यायचा हे तो सांगणार नाही. आयटीला सर्व्हर विचारा, बॅकअप विचारा, पासवर्ड विचारा. “चालू ग्राहक म्हणजे सहा महिन्यांत माल घेतलेला की वर्षभरात?” हे त्या बिचाऱ्यांना विचारू नका. ते तुम्हाला उत्तर देतील, कारण प्रोग्राममध्ये काहीतरी लिहावंच लागतं. मग तुमच्या धंद्याचा नियम एखाद्या ट्रेनी मुलाने रात्री नऊ वाजता ठरवलेला असतो आणि पाच वर्षं कोणाला पत्ताही नसतो.

आणि नुसतं लिहून ठेवल्यानेही भागत नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ला मंगळाजवळ पोचून हरवलं. एका चमूच्या सॉफ्टवेअरमधून इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदात निघत होते, दुसरा चमू ते न्यूटन-सेकंद समजून मार्ग मोजत होता. मेट्रिक एकक वापरायचं असं दोघांमधल्या कागदात लिहिलेलं होतं, बरं का. मार्ग बघणाऱ्यांना प्रवासात आकडे जुळत नाहीत असं जाणवलंही होतं. तरी ती शंका शेवटपर्यंत नेली गेली नाही. तुमच्या ऑफिसात आकडा जुळत नाही असं एखाद्या क्लार्कच्या लक्षात आलं, तर ती कोणाकडे जाईल? नाव घेऊन सांगता आलं पाहिजे.

एक कमेंट राहिली. “ताई, तुम्ही सांगता ते डेटा क्लीनिंग आहे, गव्हर्नन्स नाही.” फरक सांगते. एका दुकानाच्या ग्राहकयादीत आपल्या बर्डीचंच घ्या. कोणी लिहिलं सीताबर्डी, कोणी बर्डी, कोणी सिताबुल्डी. एकच ग्राहक तीनदा. मी आणि एक मुलगी, आम्ही आठवडाभर बसून ती यादी स्वच्छ केली. तीन महिन्यांनी पुन्हा तशीच! कारण काउंटरवरच्या फॉर्ममध्ये परिसराचा रकाना मोकळा होता, ज्याला जे सुचेल ते तो लिहायचा. आम्ही केलं ते क्लीनिंग. त्या रकान्याचा एक मालक असता, तर पहिल्याच आठवड्यात त्याने तिथे ठरावीक नावांची यादी लावून घेतली असती. ते गव्हर्नन्स.

आता तिसरी बाजू, कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि सगळे त्याच आकड्याला घाबरून बसलेत. मला त्यातलं वेगळंच एक कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. एखाद्या माणसाच्या माहितीवरून तुम्ही त्याच्याबद्दल निर्णय घेणार असाल, कर्ज द्यायचं की नाही असा, तर ती माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची जबाबदारी तुमची. आणि त्या माणसाला ती दुरुस्त करून मागायचा हक्क आहे. उद्या एखाद्या काकू पतसंस्थेच्या काउंटरवर येऊन म्हणाल्या, “माझं नाव चुकलंय, जुना नंबर काढून टाका,” तर काउंटरवरच्या मुलीने कोणाला सांगायचं? नंबर पाच ठिकाणी असतो: सॉफ्टवेअरमध्ये, वसुलीच्या यादीत, एसएमएसवाल्याकडे, मॅनेजरच्या मोबाइलमध्ये, जुन्या एक्सेलमध्ये. मालक नसेल तर तो एका ठिकाणी बदलतो आणि चार ठिकाणी राहतो.

आणि हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगते, आजही सांगते: ग्राहकांच्या आधार कार्डांचे फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करा. कृपा करून. “कागदाला कायदा लागत नाही” म्हणणाऱ्यांनाही सांगते, झेरॉक्सचा फोटो काढला किंवा ती स्कॅन केली की ती कायद्यात आली.

सुरू कसं करायचं? जास्त बोलत नाही. ज्या आकड्यावरून तुमच्या मीटिंगमध्ये दर महिन्याला वाद होतो तो एकच घ्या. एक कागद. आकड्याचं नाव, त्याचा अर्थ दोन ओळींत, काय मोजायचं नाही, तो पहिल्यांदा कुठे भरला जातो, मालक कोण, पुन्हा कधी बघायचा. त्या आकड्यावर जे वाद येतील ते एका वहीत लिहा, आणि महिन्यातून अर्धा तास मालकाने ती वादाची वही उघडून बसायचं. एक मिटला की दुसरा घ्या.

टिकवायचं मात्र अवघड आहे, आणि तिथे पुन्हा मालकच येतो. वाडीच्या त्या साहेबांची वर्षभराने बदली झाली. नवीन साहेब आले, त्यांना कोणी सांगितलंच नाही, आणि दोन महिन्यांत आकडे परत तीन झाले. मला खूप वाईट वाटलं तेव्हा. माझे बाबा सरकारी नोकरीत होते. निवृत्त होताना तीन दिवस चार्ज देत होते. डेड स्टॉक रजिस्टर उघडून एकेक खुर्ची, एकेक कपाट, पाठीवर रंगवलेला नंबर वाचून टिक करायची, शेवटी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. मोडक्या स्टुलाचीसुद्धा सही होती. तसंच आकड्यांचं करा. मालकी पदाला जोडा, आणि चार्जच्या यादीत लिहा: हे चार आकडे, हे त्यांचे अर्थ, हे चालू वाद. जाणाऱ्याची सही, येणाऱ्याची सही.

दुसरी सवय, डेटा एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथे मोजायचं. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली एक्सेलच्या जुन्या प्रकारात घेतल्या जात होत्या, त्यात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी आल्याच नाहीत. किती ओळी निघाल्या आणि किती पोचल्या हे मोजलं की असं लगेच कळतं. तुमच्याकडेही मोजा, रोज, दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटी, बुटीबोरीच्या एका ताईंनी मागच्या लाइव्हनंतर त्यांचा कागद भरून फोटो पाठवला होता. आकडा: महिन्याचं रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल. ताई, अर्थ फार छान लिहिलाय, मशीन सेट करताना निघालेले तुकडे मोजायचे नाहीत हेही स्पष्ट आहे. फक्त मालकाच्या रकान्यात तुम्ही दोन नावं टाकलीत, प्रॉडक्शन मॅनेजर आणि क्वालिटी मॅनेजर, मध्ये तिरकी रेघ. दोघांना एकत्र बसवा, एक नाव खोडून घ्या आणि फोटो परत पाठवा. मी वाट बघते.