कार्नेटचा वरचा तुकडा

मंडळी, आफ्रिकेत स्वतःची गाडी घेऊन जायचं म्हटलं की लोक आधी सिंहांबद्दल विचारतात, मग रस्त्यांबद्दल. आज इथे चहा घेतानाही मला तेच विचारलं गेलं. मी मात्र कागदांबद्दल बोलणार आहे. आमची तयारी आठ महिने चालली आणि त्यातले बहुतेक दिवस कागदांतच गेले.

सीमेवर माणसाची चौकशी एका खिडकीवर होते, गाडीची दुसऱ्या. इमिग्रेशनवाला तुमचा व्हिसा बघतो. कस्टम्सवाल्याला तुमच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ही गाडी आमच्या देशात विकली गेली तर आयात शुल्क बुडेल, एवढीच त्याची काळजी. त्याला आपल्याकडचं उत्तर म्हणजे कार्नेट, गाडी तात्पुरती परदेशात नेण्यासाठीचं कस्टम्सचं पुस्तक. भारतात ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतं. गाडी परत आली नाही तर शुल्क भरलं जाईल याची हमी त्यामागे असते आणि त्यासाठी तुम्हाला बँक गॅरंटी द्यावी लागते. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि देशांवर ठरते. यादीत इजिप्त असला की ती खूपच वाढते. तेव्हा आधी मार्ग पक्का करा आणि मगच अर्ज भरा.

मार्गाबद्दल थोडं सांगते. कैरो ते केप टाऊन हे अनेकांचं स्वप्न असतं, माझंही होतं. पण एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये युद्ध पेटलंय. ती वाट धरू नका, कुणी कितीही भरवसा दिला तरी. आम्ही न्हावा शेव्याहून गाडी जहाजाने मोम्बासाला पाठवली आणि तिथून केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्सवाना, नामिबिया करत केप टाऊन गाठलं. या सगळ्या देशांत आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक आहे. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ओव्हरटेक करताना त्याचं महत्त्व कळतं.

आता कार्नेटचं पान डोळ्यांपुढे आणा. आडवे तीन तुकडे. देशात शिरताना खालचा तुकडा अधिकारी फाडून घेतो, बाहेर पडताना मधला. वरचा तुकडा पुस्तकातच राहतो आणि त्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा, असे दोन्ही शिक्के हवेत. गाडी त्या देशातून बाहेर पडली याचा तुमच्या हातातला पुरावा तेवढाच.

एका सीमेवर, संध्याकाळची वेळ, ट्रकांची रांग, पाऊस. अधिकाऱ्याने मधला तुकडा फाडला, पुस्तक परत दिलं, आम्ही निघालो. साठेक किलोमीटरवर पेट्रोल भरताना मी पान उघडलं, तर वरच्या तुकड्यावर बाहेर पडल्याची चौकट कोरी! रात्र तिथेच काढली आणि सकाळी उलटे फिरलो. नवीन अधिकारी ऐकेना, तो म्हणाला गाडी दाखवा. मग तो टॉर्च घेऊन चिखलात गुडघ्यावर बसला. चासी नंबरावर इतकी माती बसली होती की एकही आकडा वाचता येईना. मी ओल्या फडक्याने एकेक आकडा पुसत गेले आणि तो आरसी बुकाशी ताडून बघत गेला. दोन तासांनी शिक्का मिळाला. तेव्हापासून खिडकी सोडण्याआधी मी पान उघडून शिक्का, तारीख, सही असं तिन्ही मोठ्याने वाचते. तुम्हीही वाचा, मागे रांग कितीही असो.

सगळीकडे कार्नेटच लागतं असं नाही. काही देश सीमेवर तात्पुरता आयात परवाना देतात, पण त्याची मुदत कमी असते. बोत्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनी या पाच देशांचा कस्टम्स संघ एकच आहे, १९१० पासूनचा. त्यामुळे पाचांपैकी पहिल्या देशात शिरताना शिक्का आणि शेवटच्यातून बाहेर पडताना दुसरा. मधल्या सीमेवर कुणी पान फाडायला लागलं तर नम्रपणे थांबवा.

विम्यासाठी केनियातच कोमेसाचं, म्हणजे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या व्यापारसंघाचं, यलो कार्ड हे विमापत्र घ्या, ते टांझानिया आणि झांबियातही चालतं. बोत्सवानात वेगळा विमा. पीतज्वराची लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्या, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं. एकदा घेतली की ती जन्मभर चालते. परत येताना ते प्रमाणपत्र आपला भारतही मागतो. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, केनिया आणि टांझानियात त्यांवर बंदी आहे.

आणि काझुंगुला! झांबेझी नदीवर झांबिया आणि बोत्सवाना यांच्यात पूर्वी तराफ्यावरून गाड्या नेत. मे २०२१ मध्ये तिथे ९२३ मीटरचा पूल सुरू झाला. झिम्बाब्वेची हद्द टाळायला तो मुद्दाम वळवून बांधलाय. दोन्ही देशांचं काम एकाच छताखाली होतं. पुढे बोत्सवानात लाळ्या-खुरकूत या गुरांच्या रोगासाठीच्या नाकाबंदीवर गाडीची चाकं जंतुनाशकाच्या पाण्यातून न्यावी लागतात आणि डिकीतल्या जास्तीच्या चपलासुद्धा बाहेर काढून बुडवाव्या लागतात. गुरांवर जगणाऱ्या देशाची ती काळजी बघून मला फार आदर वाटला.

शेवटचं काम घरी आल्यावरचं. कार्नेटच्या पुस्तकातच गाडी कुठे आहे याचा दाखला भरायची जागा असते. एखाद्या शिक्क्यात गडबड राहिली असेल तर आपल्या कस्टम्सकडून गाडी तपासून त्यावर सही-शिक्का घ्या. मग पुस्तक असोसिएशनला परत करा आणि बँक गॅरंटी सोडवून घ्या. आता प्रश्न विचारा. माझं कार्नेट अजून परत द्यायचंय, म्हणून सोबत आणलंय. पुढे येऊन पान हातात घेऊन बघा.