आधी वर्णन, मग नाव

श्रोतेहो, नमस्कार.

शिकारी पक्षी बघायला गेलं की पहिली अडचण अंतराची असते. आकाशात एक ठिपका दिसतो, दोन-चार घिरट्या घालतो आणि ओळख पटायच्या आत टेकडीआड जातो. एवढ्या वेळात एकट्याच्या हाती फारसं काही लागत नाही. म्हणून गटाने जावं. पण माणसं जमली म्हणजे गट झाला असं नाही. त्याला एक शिस्त लागते, आणि ती पाळली नाही तर दहा जोडी डोळे असून नसल्यासारखे.

आधी वेळेचं सांगतो. गरुड आणि गिधाडं बघायची असतील तर झुंजूमुंजू होताच धावायची गरज नाही. रुंद पंखांचे हे पक्षी पंख मारण्याचे कष्ट शक्यतो टाळतात. जमीन तापली, गरम हवा वर चढू लागली, की तिच्या आधाराने ते गोल गोल उंच जातात. म्हणजे ऊन जरा चढल्यावर आकाशात वर्दळ सुरू होते. भोवत्या, म्हणजे हॅरियर हा शिकारी पक्षी, मात्र सकाळी लवकर आणि दिवस कलतानाही गवताच्या शेंड्यांना लागून उडताना दिसतो.

गटाने दिशा वाटून घ्याव्यात. पक्षी दिसला की “तो बघा, तिकडे!” असं ओरडून उपयोग नाही. “वाळक्या झाडाच्या उजवीकडे, शेंड्याच्या दोन बोटं वर, डावीकडे चाललाय” असं सांगितलं की सगळ्यांच्या दुर्बिणी एका जागी येतात.

आता खरा मुद्दा. पक्षी दिसल्या दिसल्या कुणीही त्याचं नाव घेऊ नये. गटातल्या जाणत्या माणसाने तर मुळीच नाही. त्याने एकदा “पांढुरका भोवत्या” म्हटलं, की पुढच्या क्षणी प्रत्येकाला तोच दिसू लागतो. त्यापेक्षा प्रत्येकाने आपण काय पाहिलं तेवढंच बोलावं, नवख्याने आधी, जाणत्याने शेवटी.

हा भोवत्याच उदाहरणाला घेऊ. पांढुरका आणि माँटेग्यूचा या त्याच्या दोन जाती, दोन्ही दुरून हिवाळ्यात दक्षिण आशियात येतात. नर ओळखणं त्या मानाने सोपं. माँटेग्यूच्या नराच्या पंखावर वरच्या बाजूने एक काळी रेघ असते. पांढुरक्याला ती नसते, त्याच्या पंखाच्या टोकाशी काळी पाचर असते. माद्या आणि पहिल्या वर्षाचे पक्षी मात्र घोळात घालतात. दोन्हींकडे तपकिरी पाठ, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. अशा वेळी मानेकडे बघावं. पांढुरक्याच्या तरुण पक्ष्याला गालामागे फिकट, स्वच्छ कॉलर असते आणि तिच्यामागे गडद पट्टा. ही कॉलर कुणाला दिसली, कुणाला दिसली नाही, ऊन कुठून येत होतं, हे सगळं वहीत उतरवावं. एकमत झालं नाही तर “भोवत्या, जात नक्की नाही” असं लिहावं. अशी नोंद मला घाईने लिहिलेल्या दहा दुर्मीळ नावांपेक्षा मोलाची वाटते.

ही काटेकोरपणाची हौस नाही, श्रोतेहो. पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातल्या जुन्या आणि नव्या मोजण्या ताडून पाहिल्या, तेव्हा गिधाडं किती वेगाने नाहीशी होताहेत ते जगापुढे आलं. २००४ मध्ये कारण कळलं: जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. जुन्या मोजण्या विश्वासाच्या नसत्या, तर तुलना कशाशी केली असती?

फोटो जरूर काढा, पण आधी डोळे भरून बघा. पुष्कळदा पंखांची ठेवण, उडण्याचा ढंग फोटोत येत नाही.

आणि घरटं सापडलं, तर मागे फिरा. जवळ गेलात तर पक्षी उठतो, अंडी उन्हात उघडी पडतात, कावळे टपलेलेच असतात. जागेचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोसोबत फोन आपोआप ठिकाण जोडतो, तेही काढून टाका. वन विभागाला आणि अभ्यासकांना कळवलंत की पुरे.